फिल्मवरचा पाऊस

मंगळवार, ४ मार्च १९५८. बारामती

तीन मिनिटांची फिल्म, आणि तिच्यावर आबांची सगळी अब्रू!

मोहनराव फोटोवाल्यानं दुपारी डबा हातात दिला. बावड्याच्या जत्रेतली कुस्ती त्यानं नव्या कॅमेऱ्यावर हौसेनं उतरवली. मग मशीन नाही म्हणून जो येईल त्याला रीळ उलगडून हातातच दाखवत सुटला. रीळ धुळीत लोळवलं असणार. आमच्या सिनेमाच्या तंबूत लावून पाहिली तर पडद्यावर नुसता पाऊस! काळ्या उभ्या रेघा, ठिपके. बिरू कुठला आणि भीमा कुठला, पत्ता लागेना. चौदा वर्षं मशीन चालवतोय, इतकी खराब फिल्म पाहिली नाही.

त्या कुस्तीला आबा पंच होते. भीमा चीत, असा निकाल त्यांनी दिला. ढाल बिरूला. बिरू आमच्या सणसरच्या तालमीतला, आबांच्याच हाताखाली वाढलेला. झालं! भीमाचे चुलते हिंदुराव भर आखाड्यात ओरडले, "पाठ टेकलीच न्हाय! आपल्या पोराला ढाल द्याया पंच झालाय व्हय?"

आबांनी तिथल्या तिथं फेटा उतरवला. "मी खरा ठरंन, तवाच बांधीन." तेव्हापासून बोडक्या डोक्यानं फिरतात. माझ्या बापाला असं मी कधी पाहिलं नव्हतं. पाहवत नाही.

ठरलंय ते असं – रविवारी सोळा तारखेला, भवानीनगरच्या रिकाम्या गोदामात, भर दुपारी, दोन्ही गावांपुढं ही फिल्म लावायची. मशीन माझ्याकडं. पाऊसही मीच काढायचा!

बुधवार, ५ मार्च

आमच्या धंद्यातली जुनी चलाखी करून पाहिली. मशीनचं भिंग केसभर फिरवायचं. चित्र मऊ पडतं, रेघा विरतात. सिनेमाला ते खपून जातं, नटी उलट जास्तच गोरी दिसते. इथं रेघा विरल्या, पण भीमाचा खांदाही मातीत विरला. उभा माणूस तेवढा ओळखू येतो. हलला की पिठलं!

बायको, सिंधू, म्हणाली, "अवो, मग तेवढं ठिकाण थांबवून दावा की."

अगं बाई, दिव्यापुढं फिल्म थांबली की जळते! आणि दुसरी प्रत नाही. पळत्या चित्रातच सगळ्यांना दिसायला हवं. पाऊस जायला हवा आणि खांदा राहायला हवा. कसं करू?

शुक्रवार, ७ मार्च. सणसर

आबांना भेटायला आलो. ओट्यावर बसलो होतो. हिंदुराव बावड्याहून मुद्दाम आले, सोळा तारखेचं पक्कं करायला. अगदी पुढ्यात येऊन उभे राहिले. आबा म्हणाले, "कोण हाय?" त्यांनी नाव सांगितलं. तेव्हा कुठं, "हिंदुराव व्हय?"

नाव सांगेपर्यंत ओळखसुद्धा दाखवली नाही! हिंदुरावांचं तोंड पाहण्यासारखं झालं. मला मनातून बरं वाटलं. पण जाताना ते आबांना म्हणाले, "सर्जेराव, फिल्म काय खोटं बोलायची न्हाय." त्यावर आबा शांतपणे म्हणाले, "म्या तरी कुठं बोललोय?"

रविवार, ९ मार्च

रॉकेलनं पुसली. धूळ गेली, रेघा जागच्या जागी. वर मशीनचे दाते अडकतात त्यातलं कडेचं एक भोक फाटलं ते वेगळंच. चिडून सिंधूवर ओरडलो. ती जेवली नाही. मीही नाही.

बुधवार, १२ मार्च

सापडलं! सापडलं!

सकाळी डोक्याला तेल लावलं आणि हात न धुता फिल्म उचलली. कुणा पोऱ्यानं असं केलं असतं तर कानफटात दिली असती. घाबरून मोठ्या भिंगातून पाहिलं. जिथं अंगठा लागला होता तिथं रेघ नाही! पुढं रेघ, मागं रेघ, मधे स्वच्छ. म्हणजे रेघ ही नुसती चर आहे. चरीत तेल बसलं की उजेड सरळ पार होतो. चित्राला हात लावायचा नाही, नुसती चर भरायची! भिंग ढिलं करायलाच नको.

फिल्मच्या चकचकीत बाजूला तेल लावायचं, चित्राच्या बाजूला थेंबही नाही. खोबरेल पातळ, ओघळतं. एरंडेल आणायला सिंधूला पाठवलं. वाण्यानं तिला विचारलं म्हणे, "पोट कुणाचं बिघडलंय?"

शुक्रवार, १४ मार्च

मलमलीच्या चिंधीनं सगळं रीळ एरंडेलानं पुसलं. सिंधूनं गुंडाळलं, मी चिंधी धरली. दुपारी तंबूच्या कनाती बांधून एकट्यानं लावली.

पाऊस गेला. कुस्ती काल झाल्यासारखी! घाम दिसतो, उडालेली माती दिसते, मांडीवरचा शड्डू दिसतो. ओरडावंसं वाटलं.

आणि मग ते ठिकाण आलं.

भीमानं डोकं आणि टाचा मातीत रोवल्यात. कमान केलीय. खांदे वीतभर वर. बिरू वरून रेटतोय. भीमा खाली जात नाही. आणि आबा दोन हात अंतरावर उभे, नजर थेट त्यांच्यावर. आबांचा हात वर जातो. चीत!

तीनदा लावली. तीनदा खांदे वर.

हिंदुराव खरे. इतक्या जवळून बघून आबा खोटं बोलले. माझे आबा! लहानपणी मी चोरून पेरू खाल्ला तर बागवानाच्या पाया पडायला लावणारे!

सिंधूनं विचारलं, "निगाला का पाऊस?" मी म्हणालो, नाही.

शनिवार, १५ मार्च. सणसर

धीर करून विचारलं. "आबा, पाठ नक्की टेकली होती?"

"टेकली म्हंजी टेकली. माझ्या म्होरं टेकली."

माझ्याकडं बघूनच म्हणाले. पापणी हलली नाही. मला त्यांचा राग आला, आणि त्या बोडक्या डोक्याची कीवही आली. ट्रंकेत फेटा धुऊन, घडी घालून ठेवलाय. उद्या बांधायचा म्हणून.

ठरवलं. भिंग केसभर ढिलं ठेवीन. रेघा होत्या, जमेल तेवढं केलं, असं सांगेन. कुणाला काय कळणार? पण मला कळेल. कळू दे!

रविवार, १६ मार्च. भवानीनगर

खिडक्यांना पोती लावली. आबा अगदी पुढं, पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ बसले. मांडीवर फेटा. ठरवल्याप्रमाणं भिंग ढिलं ठेवलं. लगेच कालवा, "धुरकट हाय! गेणू, नीट लाव!" आणि हात आपोआप फिरला. चौदा वर्षांची मेली सवय!

चित्र लख्ख. भीमाचे खांदे वीतभर वर. सगळ्यांनी पाहिलं.

तेवढ्यात आबांचा आवाज, "गेणू, पाऊस हायच की रं अजून. जत्रंतबी असाच व्हता. पूस की जरा."

पडद्यावर तर एकही रेघ नव्हती; पाऊस आबांच्या डोळ्यांत होता. दोन दिवस मी माझ्या बापाला खोटारडा म्हणत होतो!

भीमा उठला. आबांच्या पुढ्यात जाऊन बसला, तोंडाशी तोंड. आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कोण, बिरू का रं?"

मांडीवरचा फेटा उचलून हिंदुरावांनी स्वतः त्यांच्या डोक्याला बांधला.