काठावरचे खुंट

अब्बा, मी आता पाण्यावर राहते. हे ऐकून तुम्ही आधी हातातला कप खाली ठेवाल आणि मग विचाराल, कुणाला विचारून? तुमचे जावई पिरंगुटच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी कोकणात एक जुनी शिडाची होडी घेतली. पावसाळा संपला की आम्ही भरे गावातल्या भाड्याच्या खोलीला कुलूप लावतो, ताम्हिणी घाट उतरतो आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत होडीतच राहतो. आज या खाडीत, उद्या त्या खाडीत, किनारा कधी नजरेआड होऊ द्यायचा नाही. झोपायला दोन फळ्या, एक स्टोव्ह, पाण्याचे कॅन आणि ताठ उभं राहिलं की डोक्याला लागेल असं छप्पर. पहाटे जमिनीवरून वारा सुटतो तेव्हा शीड चढवायचं आणि दुपारी समुद्राचा वारा अंगावर यायच्या आत कुठल्या तरी खाडीत शिरायचं. भाकरी थापताना होडी कलली की तवा घसरतो. मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी पेटत नाही, कपडे कधी पुरते वाळत नाहीत. रडगाणं नाही हे. मी उभ्या आयुष्यात इतकी सुखात नव्हते, आणि हे सांगायला मला तुमच्याइतकं जवळचं कुणी सापडत नाही.

तुमची नाव मला लख्ख आठवते. धरणाच्या तलावापलीकडच्या गावांना तेव्हा रस्ता नव्हता. दुधाच्या किटल्या, शाळेचे गुरुजी, बाळंतपणाला निघालेल्या बाया, सगळे तुमच्या नावेतून तलाव ओलांडायचे आणि माणसं चढेपर्यंत काठावर दोर धरून बसायचं काम माझं. एकदा मी कुठेतरी बघत बसले आहे, दोर सैल पडतो आणि नाव दोन बायकांना घेऊन हळूच निघते. बायका हसतायत. तुम्ही मात्र गुडघाभर पाण्यातून तरातरा येता. "दोर ढिला सोडलास व्हय? वारं आलं म्हंजी नाव जाईल धरनाच्या भितीला. आवळ. आनि आवळ." मी आवळते, हात सोलून निघतात. मग त्याच बैठकीत मी तुम्हाला वल्हं मागते. तुम्ही चिडत नाही, फक्त सांगता, "पोरीच्या जातीनं नाव चालवायची न्हाई. धरायची." एवढं बोलून तुम्ही मला खिशातली लिमलेटची गोळी दिलीत. मी ती खाल्ली. राग होता, पण गोळी टाकून देण्याइतका नव्हता.

तर तुमचं हे शिक्षण मी या उन्हाळ्यात वापरलं. एका खाडीतल्या धक्क्याला आम्ही भर भरतीला लागलो. तुमचे जावई भाजी आणायला गावात गेले. मी पुढून, मागून, मधून दोर टाकले आणि असे आवळले की होडी तसूभर हलेना. मनातल्या मनात तुम्हाला म्हटलं, बघा. डाळ शिजत ठेवली आणि जरा पडले. अब्बा, आपल्या तलावाचं पाणी एका दुपारीत उतरत नाही. खाडीचं उतरतं. जागी झाले ती भांडी घरंगळल्याच्या आवाजानं. पाणी पुरुषभर खाली गेलं होतं आणि होडी एका कुशीवर, दोरांना लटकून धक्क्यावर घासत होती. जावई धावत आले आणि मला बाहेर काढायला वरून आत उडी टाकली. शेजारच्या होडीतली कोळीण ओरडली, "बाय, खाडी हाय ही, तलाव न्हाय!" आणि तिनं कोयत्यानं दोर तोडले. होडी धाडकन पाण्यात आली. जावयांचं मनगट मोडलं.

मुलगा हिंजवडीहून रातोरात कोकणात आला आणि आम्हाला त्याच्या फ्लॅटवर घेऊन गेला. "अम्मी, बस झालं आता. रिस्क कशाला? गिऱ्हाईक बघितलंय मी, माणूस चांगला आहे. विकून टाकू, तुम्ही दोघं फ्लॅटवर राहा." जावई प्लॅस्टरमधला हात मांडीवर घेऊन म्हणाले, "तू म्हणशील तसं." त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला दिसत होतं. आमचं पाण्यावरचं राहणं माझ्या एका शब्दावर आलं होतं, आणि मला राग आला तो तुमचा. ज्या गोष्टीत मी स्वतःला हुशार समजत होते ती तुम्ही शिकवलेली, आणि तिनंच घात केला.

भांडायचंच म्हणून मी तलावावर गेले. मे संपत आला होता, पाणी पार तळाला. तुमच्या धक्क्याजवळ आता एका रिसॉर्टचं कुंपण आहे. पण कुंपणाखालच्या उतारावर तुम्ही ठोकलेले लोखंडी खुंट अजून आहेत, गंजलेले, एकाखाली एक, थेट पाण्यापर्यंत. लहानपणी ते मी रोज पाहिले होते. नाव सकाळी कुठल्या ना कुठल्या खुंटाला बरोबर तरंगत असायची. तिला तिथं कोण आणतं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. आता पडला, आणि लगेच आपलं स्वयंपाकघर आठवलं. पहाटे फजरच्या नमाजाआधी तुम्ही बाहेरून येता, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला, आणि पाय चुलीपाशी धरता. अम्मी करवादते, "समदी चूल वली केली." मला वाटायचं, तुम्ही तलावावर वजूला हातपाय धुऊन येता.

म्हणजे आवळायचं, आणि मग रोज पहाटे उठून पाणी कुठे गेलं ते बघायचं आणि नाव त्या खुंटाला न्यायची. पहिलं मला शिकवलंत, दुसरं स्वतःच करत राहिलात. सांगायची गरज वाटली नसणार, कारण नाव कधी माझी होणारच नव्हती. तिथं उभ्या उभ्या मला रडू आलं. राग मात्र सगळा गेला नाही.

फ्लॅटवर परत येऊन मी त्या गिऱ्हाइकाला फोन केला आणि होडी विकायची नाही म्हणून सांगितलं. मुलगा तणतणला. मी म्हटलं, "तुझ्या आजोबांनी मला जाताना सांगितलं होतं, पोरी, नाव घेशील तवा पान्यावर नजर ठेव." तुमचं नाव काढलं की तो वाद घालत नाही, लहानपणापासून तसाच आहे. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. पाऊस संपला की मीच सोडायला येतो."

तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हता, अब्बा. मी वल्हं मागितलं तेव्हा काय म्हणाला होता ते आपल्या दोघांनाच माहीत आहे, म्हणून हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. ते वाक्य मी माझ्या मनानं रचलं. पण बोलताना तुमचाच आवाज आला, आणि एवढी वर्षं मला तेच ऐकायचं होतं.