एका तारेवरची चार बाळं

३ मार्च
ताईची लेक अजून काचेच्या पेटीतच. तीन नंबर. पण स्क्रीनवरची तिची श्वासाची रेघ कशी शहाण्या मुलीसारखी चालली आहे! ताई आज पोटभर जेवली. दोन नंबरच्या बाळाचा श्वास सारखा अडकतो. त्याचं औषध वाढवलं. त्याच्या आईकडे बघवत नाही. आपलं ठीक आहे म्हणून हायसं वाटलं, आणि लगेच लाजही वाटली.

ही स्क्रीन माझ्या प्रोग्रामवर चालते, हे ताई सगळ्या वॉर्डाला सांगत सुटली आहे. गप्प बस म्हटलं.

४ मार्च
एक नंबरच्या बाळाला उचकी लागली — आणि उडाली चौथी रेघ! पुन्हा उचकी, पुन्हा चौथीच. एक आणि चारच्या वायरी कोणीतरी उलट्या खोचल्या असणार. डॉक्टरांना सांगितलं. दोन्ही बाळं ठणठणीत आहेत म्हणाले, तरी बघून घ्या. साहेब मात्र फोनवर उखडले. नवीन यंत्रणा, त्यात मीच बोंब मारते आहे!

५ मार्च
आमचा वायरवाला चष्मिष सकाळीच जाऊन आला. वायरी जागच्या जागी. म्हणजे चूक माझ्याकडे.

चारही पेट्यांचे आकडे एकाच तारेतून येतात: पहिलीचा, दुसरीचा, तिसरीचा, चौथीचा, परत पहिलीचा. पत्ते वाटावेत तसे माझा प्रोग्राम ते चार रेघांना वाटतो. यात चुकेल काय? साहेब म्हणतात, एका उचकीसाठी डोंगर पोखरू नकोस. पोखरणारच. उंदीर निघाला तर देव पावला.

दुपारी
सापडलं. रविवारी वीज जाऊन आली, तेव्हा पहिलाच आकडा गळला. प्रोग्रामने दुसरीचा आकडा पहिलीचा धरला आणि तिथून वाटतच सुटला! एक-चारची अदलाबदल नाहीच. सगळेच एक घर सरकलेत. पहिली रेघ दोन नंबरची. दुसरी रेघ तीनची.

अडकणारा श्वास आमच्या बाळाचा आहे.

डॉक्टरांना फोन लावला. "तीन नंबर — आत्ताच्या आत्ता बघा," एवढंच तोंडातून निघालं. निघते.

संध्याकाळी, दवाखान्यात
डॉक्टर आत, तीन नंबरपाशी. पडदा ओढलेला. बाहेर बाकावर ताई दोनच्या आईचा हात धरून तिला धीर देत होती. मला बघून म्हणाली, "बरं झालं आलीस. तूही सांग गं हिला, होईल सगळं नीट म्हणून."

पाणी आणते सांगून जिन्यात आले आहे.