मागी आणि मागणी

२६ डिसेंबर

ती. बाबांस,
सप्रेम सलाम वि. वि.

तुम्ही दुरुस्त करून दिलेलं घड्याळ अगदी वेळेवर चालतं, उशीर फक्त मला होतो.

आता मुद्द्याचं. आमच्या वेधशाळेत दुर्बिणी दुरुस्त करणारे जे आहेत, ज्यांच्याबद्दल मी आईला सांगितलं आणि आईने तुम्हाला सांगितलंच असणार, त्यांच्याशी लग्न करायचं मी ठरवलं आहे. ते आपल्या धर्माचे नाहीत. सहा जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणानंतरच्या रविवारी त्यांना घरी आणू का? तुम्ही नाही म्हणालात तरी लग्न होईल, पण तुमच्याशिवाय मला ते गोड लागणार नाही.

आईला सलाम, दादाच्या टिल्लीला पापा. राग आला तरी लोभात काटछाट करू नये.

आपली,
चिमी

३० डिसेंबर

चि. चिमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दुकानात गिऱ्हाइकासमोर वाचलं आणि हातातला स्क्रू खाली पडला तो अजून सापडलेला नाही. चाळीस वर्षं सहा जानेवारीला चर्चमध्ये ताऱ्यामागून बाळ तारणाऱ्यासाठी भेटी घेऊन आलेल्या मागी लोकांचा पाठ मीच वाचतो, तोही पुस्तकात न बघता. माझ्या घरी मागणी घालायला येणाऱ्याला बायबलातलं निदान एक वचन तरी ठाऊक हवं. त्या दुर्बीणवाल्याला आणू नकोस. आई माझ्याशी बोलत नाही, ते मी सोसतो आहे.

थंडीत जप. माया आहे तशीच आहे.

तुझा,
बाबा

२ जानेवारी

ती. बाबांस,
सप्रेम सलाम वि. वि.

स्क्रू कपाटाखाली बघा, नेहमी तिथेच जातो.

तुमचा पाठ ऐकतच मी मोठी झाले, म्हणून बोलते. वचनं तोंडपाठ असलेल्या शास्त्र्यांनी राजाला तारणाऱ्याच्या जन्मगावाचं नाव सांगितलं आणि ते जागचे हलले नाहीत. चालत आले ते परके मागी. त्यांना एक तारा तेवढा ओळखता येत होता. दारात कुणी त्यांचा धर्म विचारला नाही. तो उजेड सगळ्यांसाठी आहे, हा या सणाचा अर्थ मला तुम्हीच शिकवलात. मी त्यातलं काहीही विसरलेले नाही.

उत्तराची वाट बघते. लोभाची खात्री आहे.

आपली,
चिमी

६ जानेवारी

चि. चिमीस,
अ. उ. आ.

स्क्रू कपाटाखालीच होता. शास्त्र्यांचा टोमणाही बरोबर बसला.

आज पाठाला उभा राहिलो, मागी लोक एवढंच म्हणालो, तोच पहिल्या बाकावरून टिल्लीने खणखणीत आवाजात विचारलं, की ते मागणी घालायला आले होते का. सगळं चर्च हसलं. मी तिला तिथूनच सांगितलं, की ते मागायला नाही, द्यायला आले होते. आणि पुढचं मला आठवेना. चाळीस वर्षांत पहिल्यांदा अडलो. पाळकांनी पाठ पुरा केला.

दार लावून घेणारा मी कोण? रविवारी दोघं या. जावईबापूंना सांग, भिंतीवरचं जुनं घड्याळ मला दाद देत नाही, येताना आपली बारीक हत्यारं घेऊन या.

हे चर्चच्या बाकावर बसूनच लिहितो आहे. आई शेजारी बसून माझ्या चुका काढते आहे, म्हणजे बोलायला लागली. मागी परत गेले ते दुसऱ्या वाटेने. आज मीही तसाच घरी जाणार आहे, कारण पोस्टाची पेटी त्या वाटेवर आहे.

लोभ आहेच, तो आता दोघांनी वाटून घ्यावा.

तुमचा,
बाबा