चारशे बारा पायऱ्या

२ मे. सकाळ.
ठरलं. आईला डोंगरावरच्या जुन्या दगडी देवस्थानाला न्यायचं. आठशे वर्षांपूर्वीचं बांधकाम. लग्नानंतर एकदा ती बाबांबरोबर तिथे गेली होती. पुन्हा ने म्हणून अकरा वर्षं सांगतेय. मी टाळलेलं नाही, योग्य वेळ पाहत होतो. काल डॉक्टर म्हणाले, आईचे गुडघे यंदा साथ देतील, पुढच्या वर्षाचं सांगता येत नाही. म्हणजे योग्य वेळ आली.
संकल्प : प्रवासात शांत राहायचं. कुणालाही घाई करायची नाही.

५ मे.
जोरात तयारी. पायऱ्या चारशे बारा. मी लिफ्ट तपासनीस, उंचीचा अंदाज चटकन येतो. बावीस मजले धरा. आईसाठी तक्ता केला : दर चाळीस पायऱ्यांना दोन मिनिटं विश्रांती. आई म्हणाली, दम लागेल तेव्हा बसेन. तिला सिस्टीम समजावून सांगितली. ती भाजी निवडत राहिली.
बायको म्हणाली, तूही रोज थोडं चालत जा. म्हटलं, दिवसभर बिल्डिंगा पालथ्या घालतो. ती म्हणाली, लिफ्टने. टोमणा होता. सोडून दिला.

९ मे. पहाटे ४.३५.
पाचला निघायचंय. मी चारपासून गाडीत. दोनदा हॉर्न वाजवला, घाई म्हणून नव्हे, आठवण म्हणून. पहिल्या मजल्यावरचे काका गॅलरीत येऊन काहीतरी बोलले. त्यांना हात केला.

दुपारी १२.४०.
किती वाजले, असं मी एकोणीस वेळा विचारलं, हा लेकीचा हिशोब. पंधराव्या वर्षी मुली फार वाढवून सांगतात. चौदा वेळा असेल.
शॉर्टकट घेतला. तो दगडाच्या खाणीत निघाला. ट्रकवाला म्हणाला, साहेब, रस्ता इथेच संपतो. त्याच्याशी वाद घातला. तरी रस्ता संपलेलाच राहिला. आई उतरून खाण बघत बसली. म्हणाली, बरं झालं आलो, पाय मोकळे झाले. शॉर्टकट उपयोगी ठरला.

संध्याकाळ. पायथ्याचा लॉज.
दोन तास उशीर. त्यात माझा वाटा फार तर पावणेदोन तासांचा. पंखा खडखडतोय. बायको म्हणते, खोलीत फेऱ्या मारणं थांबव. मी फेऱ्या मारत नाहीये, खोली पाहतोय.

१० मे. सकाळी ६.१०.
चढाई सुरू. आई विसाव्या पायरीवर बसलीसुद्धा. तक्त्यात हे कुठेच बसत नाही. मी वर जाऊन रांग किती आहे ते बघून येतो.

७.०५. पायरी २३० (अंदाजे).
अर्ध्यात गेल्यावर वाटलं, मंडळी मागे पडली. खाली आलो. आई एका अनोळखी बाईला बाबांबद्दल सांगत होती. आटपा म्हटलं आणि वर निघालो. मग लक्षात आलं, पाण्याची बाटली माझ्याचकडे. पुन्हा खाली. पुन्हा वर. या खेपेला उजव्या गुडघ्यात कट्‌कन वाजलं.
सध्या कठड्याला टेकून परिसराचं निरीक्षण.

८.१५.
मंडळी आली. बायकोने गुडघा दाबून पाहिला. मी ओरडलो नाही, श्वास सोडला. म्हटलं, दहा मिनिटं थांबा, सगळे बरोबर जाऊ. आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, तू बस, मी जाऊन येते. आणि निघाली. एकेक पायरी, भिंतीला हात लावत. लेक तिच्यामागे. मी वळणापर्यंत पाहत होतो. वाटलं होतं, एकदा तरी मागे बघेल.

११ मे. घर.
गाडी बायकोने चालवली. मी मागे पाय लांब करून. सूचना देत होतो. पहिल्या तासानंतर तिने रेडिओ लावला.
आई कालपासून फार बोलत नाही, पण चेहरा अगदी उजळलाय. आज शेवटी विचारलंच, वर देवाकडे काय मागितलंस. म्हणाली, काहीच नाही रे. खांबाला टेकून तासभर नुसती बसले. इतकं शांत होतं की मागायचं सुचलंच नाही. तू नव्हतास ना.
यावर बराच वेळ विचार केला. मग उलगडलं.
एवढ्या शांततेतही तिला माझीच आठवण आली.