कढईचा चेंबर गार्ड

१९ मे
तांड्यावरच्या बोअरची मोटार काढून परत येताना शेताच्या पांदणीत दगड लागला. खालून मोठा आवाज आला. उतरून वाकून पाहिलं, इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर चिरलेलं, सगळं ऑइल काळ्या मातीत. तीन वर्षांत दुसऱ्यांदा. जुनी जीप, फोर बाय फोर म्हणून कुठंही चढते, पण पोट उघडं. आमच्या धंद्याला रस्ता कधी मिळतो? बोअर सगळे शेतात.
ट्रॅक्टरनं ओढत बाळापूरला, रशीदच्या वेल्डिंगच्या दुकानात. तो म्हणाला, "भाऊ, खालून पत्रा मारा. चेंबर गार्ड. न्हाई तर दर साली माझ्याकडं येऊन राहाल."
संध्याकाळी कुरुंद्याहून दाजींचा फोन. अक्कानं सांगितलं असणार. "अरे बापू, पत्रा काहून इकत घेतो? हळद शिजवायची आपली जुनी कढई पडून हाय. कुकर आल्यापासून तिच्यात कोंबड्या बसून राहिल्या."
अक्काच्या लग्नात मी नऊ वर्षांचा होतो. 'बापू' हे नाव तेव्हा दाजींनीच ठेवलं. आता माझे केस पांढरे झाले तरी अरे बापूच.

२३ मे
कुरुंदा. कढईचा तळ दाजींनी स्वतः कापला, ग्राइंडरनं. मला हात लावू दिला नाही. कढई त्यांच्या वडलांची. अक्का दारातून पाहत होती. दाजीच म्हणाले, "लई हळद शिजवली हिनं. आता तुझं इंजिन सांभाळंल."
बोलता बोलता खडूनं पत्र्यावर एक गोल काढला. "ऑइल सोडायच्या बोल्टाखाली हितं भोक ठेव बरं का. न्हाई तर दर वेळी पूरा पत्रा खोलत बसशील. आन् गळती असली तर खाली दिसली पाहिजे."
हो म्हणालो. जेवायला पुरणपोळी होती. मेहुण्याला काय पुरण, पण अक्का ऐकते थोडीच.

२७ मे
चेंबर वेल्ड करून झालं, गार्ड बसवला. ठोकून बराचसा सरळ केला, तरी मधे थोडा खोलगटपणा राहिला. कढईच ती.
भोक नाही पाडलं. नेमका दगडाचा कोपरा तिथंच घुसायचा, असं मला वाटतं. रशीदनं दोनदा विचारलं. त्याला म्हणालो, "छत्रीला भोक ठेवतो का आपण?" तो हसला. चारी कडांना रबरी पट्टी लावून घेतली, चिखल आत जाऊ नये म्हणून. चासीला जळकं ऑइल फासलं, गंज धरू नये.
घरी मंदा म्हणाली, "सोताच्या गुडघ्याला तेल लावायला टाइम न्हाई तुमाला. गाडीला मालीश!"

३ जून
फरशी कोरडी! आजवर रोज सकाळी जीपखाली रुपयाएवढा डाग असायचा. डाग पाहायचा आणि अंदाजानं ऑइल टाकायचं, हा माझा हिशोब. ऑइल कमी झाल्यावर लागणारा लाल दिवा तर दोन वर्षांपासून बंद पडलेला. आता आठवडा झाला, डाग नाही. वेल्डिंगमध्ये गळतीही थांबली म्हणायची.

११ जून
तीच पांदण, तोच दगड. ठण्ण झालं आणि जीप पुढं निघून गेली. दाजींना लगेच फोन लावला. ते आमच्यापेक्षा खूश. "कढईचा आवाज आला का रे? अस्साच यायचा, फावडं लागलं की."

२४ जून
दाजी आले. हळदीचं बेणं शेतात न्यायचंय, पावसानं वाट मोडली, ट्रॅक्टर रुतून राहिला. दोन दिवस जीप पाहिजे. घेऊन जा म्हणालो. चावी देताना विचारलं त्यांनी, "ऑइल पाहिलं ना बापू?" पाहिलं म्हणालो. फरशी कोरडीच तर आहे.

२५ जून
दुपारी फोन, जीप बंद पडली. मोटारसायकलवर कुरुंदा. शेतात दहा-बारा माणसं बेणं लावत होती, दाजींची भावकी आणि मजूर. इंजिन जाम. ऑइल मोजायची पट्टी काढून पाहिली, टोकालासुद्धा ऑइल नाही. खाली वाकलो तर पत्र्यावर नवा ओरखडा.
दाजी म्हणाले, "दगड लागला न्हाई रे. चालता चालता खडखड करून राहिली अन् थांबली."
माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर बोललो, "गाडी हाकता येत न्हाई तर मागू न्हाई माणसानं."
बायका लावायच्या थांबल्या. दाजींनी बेण्याची पाटी खाली ठेवली. स्वतः दोर बांधला, बैल जुंपून जीप रस्त्यापर्यंत काढून दिली.

२६ जून
अक्काचा फोन. "घरच्या जावयाला बोललास तू. बाबा असते तर पायताण काढलं असतं."
मी म्हणालो, जे खरं ते बोललो. तिनं फोन ठेवला.
खरंच तर आहे. दगडावर आपटली, चेंबर फुटलं, तशीच हाकली. वयानं मोठे म्हणून चूक चूक राहत नाही का? मंदा दिवसभर माझ्याशी कामापुरतं बोलली.

३० जून
रशीदनं गार्ड खोलला. मला दुकानातून हाक मारली, "भाऊ, जरा इकडं या."
चेंबरला काही झालेलं नव्हतं. नुसता बोल्टाचा वायसर झिजलेला. थेंब थेंब गळत होता, पूर्वीसारखाच. सगळं ऑइल कढईच्या खोलगटात साचलेलं, त्यात माती, भुसा, हळदीचा वाळका पाला. तीन बोटं जाड लगदा, काळा. रबरी पट्टी इतकी घट्ट की एक थेंब बाहेर गेला नाही.
रशीद म्हणाला, "चलानेवाले की गलती न्हाई भाऊ, ये." मग पत्र्यावर बोट ठेवलं. दाजींनी खडूनं काढलेल्या गोलाची जागा त्याला आठवत होती. मी उगाच तिथंच बसून राहिलो, टायरवर.
ओरखडा माझाच होता. ११ तारखेचा.

२ जुलै
लिहूनच टाकतो. ऑइल पाहिलं ना, असं त्यांनी विचारलं होतं. मी पाहिलं म्हणालो. बॉनेट उघडून पट्टी काढायला किती वेळ लागतो? चहा प्यायला लागतो त्याच्या अर्धा. लाल दिवा बंद आहे, हेही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या माणसानं आधी बॉनेट उघडलं असतं. ते तसेच आहेत.
आज फोन करणार होतो. मोटारीचं काम निघालं. खोटं. काम संध्याकाळी होतं.

५ जुलै
केला फोन. सगळं सांगितलं, भोक, रबरी पट्टी, लगदा. माझं चुकलं दाजी, म्हणालो.
ते म्हणाले, "न्हाई हो, तुमी काहून मनाला लावून घेता. गाडी तुमची, नुकसान तुमचं. होतं असं."
तुमी.
ऐकण्यात चुकलो असं वाटलं. मग म्हणाले, "अक्काला फोन देऊ का तुमाला?"
मंदाला सांगितलं. ती म्हणाली, "मान दिला की." थोड्या वेळानं चुलीकडून म्हणाली, "शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

२२ जुलै
काल इंजिन बांधून आलं. गार्डला भोक पाडलं, खडूच्या गोलाच्या जागी. आज सकाळी फरशीवर डाग, वायसर जुनाच राहिलेला. इतका बरा वाटला तो डाग की पुसलाच नाही. पण वायसर नवा टाकायला लावला रशीदला. दिव्याची वायरही जोडून घेतली. बैल गेला अन् झोपा केला.

१७ ऑगस्ट, पंचमी
अक्का आली, एकटी, बसनं. दरवर्षी दाजी सोडायला येतात, माझ्याशी भांडून दोन कप चहा पितात आणि जातात. विचारलं तर म्हणाली, "त्यांनीच पाठवलं. सणाला माहेरी जाय म्हणले." दोन तासांत निघालीसुद्धा.
जाताना म्हणाली, "बोललास चारचौघांत, अन् माफी मागितली फोनवर. त्यांच्या एकट्याच्या कानात."
मी म्हणालो, "मग काय करू?"
"मला काहून इचारतो? तोंड तुझं हाय."

२३ ऑगस्ट
कुरुंद्याला गेलो, जीप घेऊन. ठरवून गेलो होतो. ओट्यावर भावकीतले चार जण बसलेले, त्या दिवशी शेतात होते तेच. दाजींनी "या, बसा" केलं. स्वतः उठून सतरंजी टाकली, पाणी दिलं. पाव्हण्याला देतात तसं.
मी तोंड उघडणार तोच त्यांच्या चुलतभावानं टपली मारली, "काय पाव्हणं, जीप आणली! चावी संभाळा बरं. तुमचे दाजी सोताच म्हणले त्या दिवशी, बापू बराबर बोलला, माझ्याच हातानं गेली गाडी."
सगळे हसले. दाजीही हसले.
आणि मी हसलो. हसलो मी. का हसलो ते देवाला माहीत. मी गेल्यावर त्यांनी आळ स्वतःवर घेतला होता, माझं बोलणं खोटं पडू नये म्हणून. आणि मी त्यावर हसून, चहा पिऊन परत आलो.

९ सप्टेंबर
कुठलंही काम नीट होत नाही. काल एकाची मोटार उलटी जोडली. मंदाला ओट्यावरचं आज सांगितलं, इतके दिवस लपवलं होतं. तिनं भाकरी थापायची थांबवली नाही. म्हणाली, "तिथंच जाऊन बोला. लाज वाटली तरी बोला. अन् मला सोबत नेऊ नका, माझ्या आडून बोलाल."

२१ सप्टेंबर
बोललो.
हळदीला माती लावणं चाललं होतं. तेच शेत. भावकीतले होते, चुलतभाऊ होता, बायका होत्या. दाजी सरीत फावडं मारत होते. मी बांधावरूनच सुरू केलं, नाही तर जवळ जाईपर्यंत अवसान गेलं असतं. म्हणालो, "सगळ्यांनी ऐका. जीप दाजींच्या हातानं गेली न्हाई. माझ्या हातानं गेली. त्यांनी भोक पाड म्हणलं, मी पाडलं न्हाई. ऑइल पाहिलं का म्हणलं, मी खोटं सांगितलं. अन् वर तुमच्यापुढं त्यांनाच बोललो. चूक माझी हाय." यापुढंही काही ठरवलं होतं, ते आठवलं नाही.
चुलतभाऊ ढेकूळ फोडत राहिला. एक म्हातारी "व्हय बाप्पा" म्हणाली, बस.
दाजींनी फावड्याची माती पायानं काढली. वर न पाहता म्हणाले, "ऊन झालं. जेवून जा."
घरापर्यंत सरीतून त्यांच्या मागं चालत होतो आणि तेवढंच डोक्यात. तू म्हणायचं असलं तरी जा, तुमी म्हणायचं असलं तरी जा. 'ये' म्हणाले असते, 'बस' म्हणाले असते, तर कळलं असतं. 'या', 'बसा' म्हणाले असते तरी कळलं असतं. नेमका 'जा'.
अक्कानं दोघांना शेजारी वाढलं. ताटावर दाजी बोलत नाहीत, पहिल्यापासूनच. मी कान टवकारून जेवलो. हात धुतला आणि ते विहिरीकडं गेले, मोटार चालू करायला. मी ओट्यावर थांबलो बराच वेळ. पाटाला पाणी आल्याचा आवाज आला. ते आले नाहीत. शेवटी अक्काला सांगून निघालो.