दिव्याची दोन मिनिटं

४ जून, मंगळवार

कंपनीतून दिवसाला विजेचे चाळीस मीटर जायचे, ते आता चारशे! म्हणून नव्या मॅनेजरबाईंचं फर्मान — ज्याने त्याने आपलं काम कागदावर उतरवायचं. पुढच्या बुधवारी दुसऱ्याने त्या कागदावर असेल तेवढंच काम करायचं, आणि ज्याचा कागद त्याने हात पाठीमागे बांधून नुसतं बघायचं. चकार शब्द काढायचा नाही.

सातवी नापासाला कागद! पण तपासणीचं टेबल माझं. मीटरच्या आतला खराब सर्किट बोर्ड माझ्या हातून सुटत नाही. बाईंनी विचारलं, "तू रजेवर गेलास की मीटर परत का येतात?" छाती फुगली. बाई हसल्या नाहीत. "कौतुक नाही करत. धोका आहे हा."

१० जून

लिहिला. जसा बोलतो तसा. "खोकं उघड. बोर्ड नाकाशी धर. जळका वास आला तर लाल डब्यात टाक, विचार करत बसू नकोस." इंजिनिअरसाहेब पोट धरून हसले.

एक गोष्ट नाही लिहिली. तपासण्याआधी मी बोर्ड दोन मिनिटं दिव्याखाली तापवतो. जोडावरचं कच्चं सोल्डर थंड असताना गप्प बसतं, तापलं की उघडं पडतं. तेही देऊन टाकलं तर माझ्याकडे उरलं काय? तिकडे आई गावभर सांगते — कंपनी माझ्या लेकाशिवाय चालत नाही.

१२ जून, बुधवार

माझ्या टेबलावर वायरिंगवाली ताई बसली. एरवी शेजारीच असते. साहेबांच्या कागदावर सगळे अडखळले, माझ्या कागदावर ही सरसर चालली! शेवटी साहेबांनीच माझ्या कागदाचा फोटो काढून नेला. सातवी नापास!!

२१ जून

ताईने त्या दिवशी पास केलेले नऊ मीटर परत आले. बसवल्या बसवल्या बंद. तिला कायम करणार होते, ते थांबवलं. जेवताना मात्र रोजच्यासारखी चिडवत होती, "काय लेखकराव!"

मी डबा तसाच बंद केला.

२२ जून

गेलो बाईंकडे. "चूक तिची नाही. कागदच अर्धा आहे." सगळं ओकलो. वाटलं, आता बॅग भरायची. बाईंनी पेन पुढे केलं — "लिही."

३ जुलै

आठवडाभर एकही मीटर परत नाही! ताई कायम झाली. आणि मी नव्या शाखेत जायचं, तिथल्यांना कागद लिहायला शिकवायचं. मी!

आईला फोन केला. "आता कंपनी माझ्याशिवाय चालते."

"अगं बाई! मग रे?"

"म्हणून तर बढती!"

खरं बोलायला छाती लागते. आपल्याकडे आहे.

४ जुलै

ताईला ऐकवलं, "मी खरं बोललो म्हणून कायम झालीस, विसरू नकोस."

"दिव्याचं मला वर्षभर माहीत आहे रे. शेजारी बसते मी."

"मग त्या बुधवारी दिवा लावला का नाहीस?"

"कागदावर कुठे होता?"