जाळीघरातला ताप

२७ ऑगस्ट
आलो एकदाचा! बोबो शहरातून मोटरसायकलवर चिखल उडवत भातखाचरांपाशी पोचलो, तेव्हा कपड्यांचा मूळ रंग कोणता होता ते मलाच सांगता आलं नसतं. पण जाळीघर पाहिलं आणि शीण गेला. लग्नाच्या मांडवाएवढं ऐसपैस, चहूबाजूंनी आणि वरूनही बारीक तारेची जाळी, मधे मातीची गोल झोपडी, केळीची झाडं, पाण्याची डबकी. आत हजारो डास आणि आता मी, बेर्नादँ तोए. ही खेप संपेपर्यंत, म्हणजे तीनेक आठवडे, बाहेर पडायचं नाही. तारेमुळे फोनलाही रेंज नाही. दारं दोन, एकामागे एक. एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही, नाहीतर डास निसटतील. दोन्हींची किल्ली बाहेर, रखवालदाराकडे.

रखवालदार म्हणजे म्हातारा नोबिला ताप्सोबा. तो मोसी, मी सामो. मग काय विचारता! आमच्या दोन जमातींचं थट्टेचं नातं, कितीही घालूनपाडून बोला, रागवायचं नाही. त्यांनी आम्हाला कुत्री खाणारे म्हणायचं, आम्ही त्यांना गाढवं. मला पाहताच म्हणाला, आलास का रे माझ्या गुलामा, कुत्र्याचं मुंडकं एकट्यानंच हाणलंस ना? मी म्हटलं, गाढवाच्या नातवा, आधी मालकाच्या पाया पड. त्यानं माझी लाल टोपी हिसकावून स्वतःच्या डोक्यावर चढवली. माणूस आवडला मला.

३० ऑगस्ट
काम सोपं आहे. याच खोऱ्यातल्या डासांच्या पोटात मुळातच राहणारा एक जिवाणू सापडलाय. तो असला की हिवतापाचा जंतू डासात शिरतो खरा, पण वाढत नाही, पुढच्या माणसापर्यंत पोचतच नाही. मी साखरपाण्यात तो जिवाणू कालवून कापसाचे बोळे टांगतो. तापकरी पोरांचं रक्त पाजलेले डास आमच्या प्रमुख मादाम सानूंनी प्रयोगशाळेतून पाठवलेत. रोज थोडे फाडून पाहतो. जंतू आत शिरलेला, बाहेर वाट नाही. बहिणीची धाकटी गेल्या पावसाळ्यात याच तापानं गेली, त्यामुळे हे पाहताना मला खरंच आनंद होतो.

नोबिलानं जेवणाच्या खिडकीतून मक्याचा गोळा आणि भेंडीचं सार आत सरकवलं आणि विचारलं, आत कोंडलेला ताप मरतो का, की नुसता बसून राहतो? मरतो, म्हटलं. खरं तर असं कधी कुणी विचारलं नव्हतं.

२ सप्टेंबर
आज कंटाळा आला म्हणून झोपडीच्या दारात आडवा पडून कण्हायला लागलो. नोबिला दोलोचं, ज्वारीच्या दारूचं, भांडं टाकून धावत आला. किल्ली कुलुपात घातली तोच मी उठून बसलो आणि म्हटलं, मोसी गाढवं पळतात बरी! त्यानं किल्ली काढून परत कमरेला खोचली. मग तोही हसला आणि शपथ घेऊन म्हणाला, आता खरोखर मेलास तरी दार उघडायचा नाही, एकदम तुझ्या मयतालाच येईन.

मयताला थट्टेचा नातेवाईक मेलेल्याचे कपडे घालून त्याचीच चाल, त्याचाच आवाज काढतो. नोबिलानं लगेच करून दाखवलं. माझी टोपी, माझं लंगडणं, माझा सुका खोकला. हुबेहूब! कालव्यावरच्या बाया हसून लोटपोट झाल्या. शेवटी मलाच कसंसं झालं.

६ सप्टेंबर
दुपारपासून हुडहुडी भरलीय. दोनदा रक्त तपासलं. पट्टी साफ. साफच असणार, इथले डास ताप देऊच शकत नाहीत. नोबिलाला हाका मारल्या, दिसला नाही. केळींच्या बाजूनं कण्हणं आलं. माझ्यासारखंच. मग त्याचं हसू. म्हातारा सूड उगवतोय.

७ सप्टेंबर
जेवणाची खिडकी परवापासून रिकामी. केळींमागून तो म्हणतो, कुत्रं खा.
मादाम सानूंची गाडी रस्त्यावर थांबली होती. त्यांनी तिथूनच विचारलं, कसा आहेस? माझा घसा बसलेला. पण केळींमागून उत्तर गेलं, माझ्याच आवाजात. सगळं झकास, मादाम, या तुम्ही. गाडी गेली.
जाळी ओढून बोटं रक्तबंबाळ झाली. तार तुटत नाही. नोबिला, बास झालं, मला बाहेर काढ. भीती वाटतेय रे.

८ सप्टेंबर
नोबिलाची बायको पोको आली. डोकं भादरलेलं.
ती थट्टा करत नव्हती. नोबिला पाच तारखेला तापानं गेला. त्याच दिवशी पुरला. किल्ली कमरेलाच राहिली, त्याच्याबरोबर गेली. म्हणाली, तू थट्टेला आला नाहीस, मातीपाशी कुणी हसलंच नाही.
मग काल— परवा— कोण हसत होतं?
लोहाराला घेऊन येते म्हणालीय.

ती गेल्यावर झोपडीत आलो. लाल टोपी खुंटीवर. नोबिलानं कधी आत पाऊल टाकलं नव्हतं.

संध्याकाळ
टोपी खुंटीवर नाही.
मागच्या अंधारात कुणी खोकतंय. माझा खोकला. पाय उचलत नाहीत—
मेला नाही तो ताप. बसून राहिला. आम्ही डासातली वाट बंद केली, त्यानं दुसरी शोधली—

घणाचे आवाज. लोहार आला. पोको हाक मारतेय, ये लेकरा. बाहेर गावातली पोरं जमलीत—
कुणीतरी माझ्या अंगावरून ओलांडून गेलं. लाल टोपी. लंगडत—
ओरडलो. माझ्या गळ्यातून नोबिलाचं हसू—
पोको किंचाळली. माझा आवाज तिला समजावतोय, आत म्हातारा आहे गं, दार लावा, त्याला निसटू देऊ नका—
कडी—
त्यानं एका पोराला कडेवर घेतलं. पोको, अगं तो मी नाही, ताप आहे, ते पोर त्याच्याकडून—